दादांच्या शेवटच्या दोन ओळी

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी दादांनी मोसंबीचे तीनशे डोळे भरले. दहा ओळी, ओळीत तीस खुंट. हजर माणसं पाच. माझे वडील सखाराम, ज्यांना मी दादा म्हणायची, त्यांच्याबरोबर वीस वर्षं काम केलेले दाविदमामा, खुरपणीची रखमामावशी, रोपवाटिकेचे मालक, आणि पट्ट्या हातात द्यायला व वहीत आकडे लिहायला मी. माझं वय सतरा. मॅट्रिकला इंग्रजीत नापास, गणितात शंभरात एक्क्याऐंशी. त्या दिवशी अवस होती म्हणून आई कुरकुरली होती, पण विहिरीचं पाणी तिथीसाठी थांबणार नव्हतं, आणि मालक तर मुळीच नाही.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जंभेरी हे आंबट, काटेरी झाड, पण मुळांनी चिवट. त्याचं बोटाएवढं जाड रोप म्हणजे खुंट. खुंटाच्या सालीत चाकूने चीर द्यायची आणि चांगल्या मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे फुटव्याची जागा, सालीसकट काढून त्या चिरेत बसवायचा. वरून पट्टी आवळायची. खताच्या गोणीत आत दुधी प्लॅस्टिक यायचं, त्याच्या आम्ही पट्ट्या कापायचो. एकवीस दिवस पट्टीला हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी सोडून बघायचं. डोळा हिरवा असेल तर लागला, तपकिरी असेल तर गेला. मधे उघडलं तर नुकती धरू लागलेली साल वाऱ्याने सुकते. हा नियम मला दादांनी मी पाच वर्षांची असताना सांगितला होता, आणि त्यानंतर दरवर्षी सांगितला.

राहुरीपासून दोन कोसांवरच्या त्या रोपवाटिकेत आमचं घर म्हणजे एक खोली आणि पुढे छपराची पडवी. दुष्काळाचं दुसरं वर्ष. आई रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची, भाकरी करायची. ती थापताना फाटायची, तव्यावर तडकायची, आणि खाताना घशात अडकायची. सोबत लसणीची चटणी, कधी जंभेरीच्या रसातली मिरची. पण मला त्या दिवसांतलं चवीपेक्षा जास्त आठवतं ते विहिरीवरच्या इंजिनाचं वाजणं. सकाळी सहाला दाविदमामा हँडल मारायचे, इंजिन धडधडायला लागायचं, आणि आम्ही सगळे हातातलं काम चालू ठेवून कान तिकडे लावायचो. विहिरीचा तळ आला की इंजिनाचा आवाज बदलायचा, पाण्याऐवजी हवा ओढल्यासारखा. दिवाळीत ते पंचेचाळीस मिनिटं चालायचं. संक्रांतीला एकतीस. शिवरात्रीला बावीस. मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत होते. कुणी सांगितलं नव्हतं. आकडा लिहिला की जिवाला जरा टेकायला जागा मिळायची, एवढंच.

दादांचं काय पणाला लागलं होतं ते आता सांगते. मागच्या वर्षी त्यांच्या तीनशे डोळ्यांपैकी एकशे दहा लागले होते. दाविदमामांचे दोनशे सहा. मालकांनी वर्षभर काही म्हटलं नाही, पण यंदा काड्या हातात देताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, "सखाराम, तुझ्या नजरेचा आता भरवसा न्हाई राहिला. निम्मे लागले तर चाकू तुझा. न्हाई लागले तर राखणीवर बस, मी नेवाशाहून दुसरा कलमवाला आणतो." राखणीला पगार निम्मा होता, पण दादांना पगाराचं तेवढं नव्हतं. पंचक्रोशीतल्या बागांत त्यांच्या हातची झाडं उभी होती. रस्त्याने जाताना ते हाताने न दाखवता नुसत्या हनुवटीने दाखवायचे, "ती माझी." राखणीवर बसलेला माणूस हनुवटीने काय दाखवणार?

त्या दिवशी त्यांनी पहाटे सुरुवात केली. एरवी तीनशे डोळे दिवस मावळायच्या बऱ्याच आधी व्हायचे, यंदा ते सावकाश, एकेक चीर दोनदा बघून करत होते. शेवटच्या दोन ओळी, शेवरीच्या कुंपणाजवळच्या, दिवेलागणीला संपल्या. मी एकेक पट्टी हातात देत होते, दादा बांधत होते आणि मला त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. शेवटचा डोळा बसवल्यावर त्यांनी चाकू पुसला आणि म्हणाले, "झालं. आता एकवीस दिस."

ते एकवीस दिवस कुणाला एका जागी बसवत नव्हतं. फाल्गुनातच गरम वारा सुटला. दादा दिवसातून दहा वेळा त्या ओळींवरून चालत जायचे आणि काही न बघता परत यायचे. जेवता जेवता उठायचे. रात्री बाजेवर कूस बदलायचे, तेव्हा बाजेचा सुंभ करकरायचा आणि आई खालून म्हणायची, "आवो, डोळे त्यांचं ते बघतील, तुमी तुमचे मिटा."

अशा वेळी माळ्यांची एकमेकांना धीर द्यायची रीत वेगळी असते. कुणी "काळजी करू नका" म्हणत नाही. काड्या ओल्या बारदानात गुंडाळून आणलेल्या असायच्या. काड्या संपल्या तरी ते बारदान दाविदमामा रोज हौदाच्या तळातल्या गाळपाण्यात बुडवून काढायचे आणि दुपारी ते डोक्यावर घ्यायची पाळी लावायचे. चौघांची पाळी, प्रत्येकी पंधरा मिनिटं. त्या दिवसांत दाविदमामांची पाळी कधी आलीच नाही. "माझं डोस्कं थंड हाय जन्माचं," म्हणायचे, आणि बारदान दादांच्या डोक्यावर टाकायचे. मामा ख्रिस्ती, रविवारी त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवायचे. कामात असले की तीच गाणी भजनाच्या चालीत गुणगुणायचे. दादांना त्यांतलं एकही कळायचं नाही, पण ठेका ते बरोबर धरायचे.

रखमामावशीची तऱ्हा निराळी. ती वाळत चाललेल्या खुंटांना सासरच्या माणसांची नावं द्यायची. "ह्यो बगा माजा थोरला दीर. लई वाकडा, पानी दिलं तरी तोंड वर करीत न्हाई." पुढच्या खुंटापाशी जायची. "आन ही सासू. काटंच काटं." दादा हसले नाहीत तर ती जंभेरीचं फळ कापायची आणि पैज लावायची. तोंड वाकडं न करता जो फोड खाईल त्याला तिच्या पदराच्या गाठीतली सुपारी. त्या फळाच्या आंबटपणाने दातांना कळ यायची. दाविदमामा दरवेळी हरायचे, आणि इतकं तोंड वाकडं करायचे की तेवढं काही आंबट नसणार हे मलाही कळायचं. दादा एकदाच हसले, तेही मामांच्या तोंडाकडे बघून. ते हसले त्या दिवशी रखमामावशीने अर्धी सुपारी स्वतः खाल्ली आणि दुपारभर कामात कुणावर ओरडली नाही.

मला यातलं काही जमत नव्हतं. मला नकला येत नव्हत्या, गाणं येत नव्हतं, आणि जंभेरी खाल्ली की माझ्या डोळ्यांत खरंच पाणी यायचं. मला आकडे येत होते. माझ्या डोक्यात आलं, दादांना एक चांगला आकडा दिला तर? माझ्या पद्धतीने मी दुसरं काय देणार होते? पण आकडा पट्टीच्या आत होता.

नवव्या दिवशी दुपारी सगळे छपराखाली आडवे झाले, तेव्हा मी शेवरीच्या कुंपणाजवळच्या ओळींत गेले. तिथून मालकांची ओसरी दिसत नव्हती. दहा पट्ट्या सोडल्या. नऊ डोळे हिरवेगार. पट्ट्या पुन्हा आवळल्या आणि परत येऊन पडले. संध्याकाळ कधी होते असं झालं होतं. संध्याकाळी दादा जेवायला बसले. पहिल्या भाकरीचा दुसरा तुकडा मोडत होते.

"दादा, दहातले नऊ हिरवे."

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ताट भिरकावतील. आईने तव्यावरची भाकरी उलटायची थांबवली.  दादांनी तुकडा चटणीला लावून तोंडात घातला आणि आईला म्हणाले, "आजून एक टाक." त्या महिन्यात त्यांनी दुसरी भाकरी मागितली ती पहिल्यांदा. त्या रात्री बाज करकरली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच विचारलं. माझ्याकडे न बघता, पायातला काटा काढता काढता. "आज किती?"

"आठ."

"दहात?"

"दहात."

मग रोजचंच झालं. नऊ, आठ, नऊ, आठ, नऊ, आठ. सहा दिवस, रोज दहा, शेवटच्या दोन ओळींतले साठच्या साठ. हिरवे एक्कावन्न. दादा ताठ चालू लागले. रखमामावशीला वाटलं तिच्या दिरामुळे, दाविदमामांना वाटलं बारदानामुळे. मामांना नुसतं वाटलं असं म्हणणं बरोबर नाही. बाराव्या दिवशी दुपारी मी कुंपणाकडून परत येत होते तेव्हा ते जागे होते. "पोरी, तिकडं काय हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"कानातलं पडलं."

"सापडलं का?"

"न्हाई."

"मग आता नको हुडकू," ते म्हणाले आणि कुशीवर वळले. ते तेवढं सांगून थांबले. मी ऐकलं नाही. नऊ मिळाले की दहाव्याचं काय झालं असेल हे मला बघावंच लागायचं. हा स्वभाव अजून तसाच आहे. हल्ली सुनेने कुकर लावला की दोन शिट्ट्या झाल्या की तीन, हे मी बाहेरच्या खोलीतून ओरडून विचारते. ती हसते. मी त्याच्या पलीकडे जात नाही, झाकणाला हात लावत नाही. इतकं शिकले.

पंधराव्या दिवशी मी पहिल्या दिवशीचे दहा पुन्हा सोडले. आठ तपकिरी झाले होते. सालीच्या कडा उलट्या वळून कोरड्या पडल्या होत्या. मी तिथेच मातीत बसले. त्या वर्षी गरम वारा लवकर सुटला होता, आणि मी बांधलेल्या पट्ट्या दुसऱ्यांदा नीट बसल्या नव्हत्या. दादांची गाठ पट्टीच्या आत दडलेली असायची, माझी वर राहायची. बाकी पन्नासांना हात लावायची हिंमत झाली नाही. त्या संध्याकाळी दादा जेवायला बसायच्या आधीच मी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी होळी. पाणी नाही म्हणून कुणी धुळवडीचं बोलत नव्हतं. आईने मिलोच्याच पिठाच्या पोळ्या केल्या, गूळ जेमतेम. दादांनी पोळीला हात लावायच्या आधी विचारलं, "आज किती?"

"आज पाह्यलं न्हाई."

त्यांनी पोळी ताटात ठेवली. पुढे काही विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. त्यांना कळलं होतं. पण ते मला बोलले नाहीत आणि मीही त्यांना बोलले नाही, आणि उरलेले पाच दिवस आम्ही दोघं एकमेकांच्या वाटेत न येता त्या रोपवाटिकेत फिरत राहिलो. इंजिन आता चौदा मिनिटं चालत होतं. मी लिहायचं बंद केलं होतं.

एकविसावा दिवस रंगपंचमीचा. सकाळी आठला मालक आले. दादा आणि दाविदमामा पट्ट्या सोडत होते, मालक बघत होते, मी वहीत लिहीत होते, रखमामावशी सोडलेल्या पट्ट्या पुन्हा वापरायला गोळा करत होती. पहिल्या आठ ओळी, दोनशे चाळीस खुंट. लागले एकशे एकतीस. प्रत्येक ओळीनंतर मी बेरीज मोठ्याने वाचायची असा मालकांचा हुकूम होता. एकशे एकतीस वाचल्यावर दाविदमामा म्हणाले, "मालक, साठातले एकोणीस पायजेत आता. आलेच समजा." दादा नवव्या ओळीकडे वळले. त्यांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. नववी ओळ, सहा. दहावी ओळ, पाच. मी बेरीज वाचली, एकशे बेचाळीस. आठ कमी.

मालक त्या दोन ओळींत उभे राहिले. ते वाईट माणूस नव्हते, हिशेबी होते, आणि हिशेबी माणसाला आकड्यातून कारण काढायची घाई असते. "ह्या दोन ओळी दिवेलागणीला केल्या व्हत्या ना? वरच्या आठ ओळींत निम्म्याच्या वर, आन् हितं साठात अकरा. बघ सखाराम, मी म्हणत हुतो तेच. उजेड गेला की तुला दिसत न्हाई."

दादांनी मान हलवली. "व्हय मालक. उजेड कमी हुता."

रखमामावशीचा पट्ट्या गोळा करणारा हात थांबला. दाविदमामांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर जमिनीकडे नेली. दादांनी कमरेचा चाकू काढला, मूठ मालकांकडे करून पुढे धरला. एवढं सगळं एका क्षणात झालं आणि इतकं सहज की जणू ते आदल्या रात्रीच ठरवून आले होते. मला वाटतं आलेच होते. माझ्या हातात वही होती आणि त्यात एकशे बेचाळीस हा आकडा होता. तो खरा होता. पण त्याला खोटं कारण चिकटणार होतं आणि ते माझ्याच अक्षरातल्या आकड्याबरोबर कायमचं राहणार होतं.

"मालक, ते साठ मी उघडले."

मी पुढे बोलत राहिले. नवव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत, रोज दहा. उघडले तेव्हा एक्कावन्न हिरवे होते, आज अकरा आहेत, म्हणजे चाळीस माझ्यामुळे गेले. ते सगळेच जगले असते असं मी म्हणत नाही. पण ज्यांना मी हात लावला नाही ते दोनशे चाळीस, त्यांतले एकशे एकतीस लागलेत, म्हणजे निम्म्यापेक्षा अकरा जास्त. पट्ट्या बघा. दादांची गाठ आत असते. ह्या साठांची गाठ वर होती.

मालकांनी रखमामावशीच्या ओच्यातल्या पट्ट्या मागितल्या. तिने त्या आधीच ओळीनुसार वेगळ्या ठेवल्या होत्या. त्याचं कारण मी तिला कधी विचारलं नाही. मालकांनी दोन्ही ढिगांतल्या पट्ट्यांवर उरलेल्या गाठींच्या वळ्या बोटाने चाचपल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माळ्याच्या पोटची तू. कशासाठी केलंस?"

"आकडा पाहिजे होता."

"कुणाला?"

मी वही मिटली. दादा हातातल्या चाकूकडे बघत होते. मालकांनी वाट पाहिली नाही. पुढे आलेली चाकूची मूठ त्यांनी दादांकडे परत ढकलली. "ठेव तुझ्याजवळ. दोनशे चाळीसावर धरतो हिशेब. पण खुंट माझे मेले. साठ खुंट, पंधरा पैशांनी. पोरीच्या हजेरीतून कापीन." आणि ओसरीकडे निघाले. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाले, "सखाराम, पुढच्या साली शेवटच्या दोन ओळी सकाळी करत जा."

ते दिसेनासे झाल्यावर दाविदमामांनी सगळ्यांत आधी तोंड उघडलं. "कानातलं सापडलं म्हणायचं," ते म्हणाले. रखमामावशीने पट्ट्यांची मोळी कमरेला खोचली. "नऊ रुपयांत सा दिसांच्या बातम्या ऐकल्या सखाभाऊंनी. रेडिओ घ्यायला गेलं तर दोनशे पडत्यात. सस्तात पडलं." मी रडत होते आणि तिच्या ह्या बोलण्याने मला हसू आलं, त्यामुळे नाक वाहिलं, आणि ती आणखी म्हणाली, "आता हिलाबी जंभेरी खाल्ल्यागत तोंड झालं बगा." दादा हसले नाहीत. ते नवव्या ओळीतल्या एका जिवंत डोळ्यावर वाकले होते आणि त्याच्या वरचा खुंटाचा शेंडा कापायच्या तयारीत होते, म्हणजे डोळ्याला फूट यावी. मग त्यांनी कापलं, सरळ.

माझी हजेरी दिवसाला दीड रुपया. मालकांनी सहा दिवस कापले, म्हणजे पूर्ण नऊ रुपये, आणि त्या आठवड्याला माझ्या हातात काहीच आलं नाही. शनिवारी पगार घेऊन आम्ही दोघं घरी चाललो होतो. पाटाच्या कोरड्या कडेने, पुढे दादा, मागे मी. वाटेत ते थांबले, मुंडाशाच्या टोकाची गाठ सोडली आणि माझ्या हातावर काही ठेवलं. मोजून बघितलं, चार रुपये पन्नास पैसे.

"हे कसले?" मी विचारलं.

"निम्मे," दादा म्हणाले. "रोज इचारनारा मी हुतो."

मालकांना नऊ रुपये मिळाले. त्यांतले साडेचार मी भरले, साडेचार दादांनी, मला.